ज्या फोननंतर काहीच घडलं नाही

माझी केस कापायची कात्री कुणीतरी बोथट केली होती. पार्लरमध्ये कात्र्या आहेत भरपूर, पण ही माझी, हिला मी मदतनीस बाईलासुद्धा हात लावू देत नाही. सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकाच्या मानेमागे लावली, तर केस कापायचे सोडून ओढायलाच लागली. बाई कळवळली. केसांच्या कात्रीनं कुणी कापड कापलं की तिची अशी गत होते, माझ्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. झालं, माझा पारा चढला. मदतनीस बाईनं गळ्याची शपथ घेऊन सांगितलं की तिनं नाही. मी जिना चढून वर घरी गेले आणि बाबांना विचारलं. ते खिडकीजवळ खुर्चीत बसले होते, पायांवर चादर घेऊन. म्हणाले, मला कशाला लागतेय कात्री, माझे केस तर तूच कापतेस. तेही खरंच होतं. मी खाली आले आणि त्या बिचाऱ्या बाईशी कितीतरी दिवस धड बोलले नाही.

कात्रीचं पुढे येईलच. आधी बाबांचं सांगते.

बाबा बसमध्ये तिकीट तपासनीस होते. उभी हयात त्यांनी फुकट्या प्रवाशांच्या मागे काढली. निवृत्त झाले तरी सगळी गल्ली त्यांना चेकरसाहेबच म्हणायची. मी शाळेत असताना एकदा माझा पास घरी राहिला, आणि नेमके तेच बसमध्ये चढले. भर बसमध्ये, माझ्या मैत्रिणींसमोर, पोटच्या पोरीला दंड केला. तेव्हा स्वतःच्या खिशातून भरला आणि नंतर माझ्या खाऊच्या पैशातून पै न पै वळती करून घेतली. आई त्या दिवशी त्यांच्याशी बोलेना, तर म्हणाले, "चेकरच्या घरात विनातिकीट कोणी बसत नाही." आमच्या घरात पुढे ती म्हणच होऊन बसली. कुणी दुसऱ्याच्या ताटातला घास उचलला तरी आम्ही एकमेकांना तेच ऐकवायचो.

आई गेली. माझा नवरा त्याआधीच त्याच्या वाटेनं निघून गेला होता, त्याच्याबद्दल बोलून तोंड कशाला विटाळू. खाली पार्लर, वर दोन खोल्या, त्यात मी आणि बाबा. धाकटा भाऊ शिकला, मोठा झाला, सरकारी आरोग्य विमा मंडळात लागला. लोकांच्या आजारपणाचा खर्च जे मंडळ देतं ना, तेच. कुठल्या उपचारावर किती पैसा जातो आणि त्यातून पदरात काय पडतं, हे आकड्यांतून शोधून काढायचं त्याचं काम. बाबांना त्याचा अभिमान म्हणजे किती! म्हणायचे, आमचं दोघांचं काम एकच, मी बसमध्ये फुकटे शोधले, हा दवाखान्यांत शोधतो. माझ्या धंद्याबद्दल ते असं कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही. असो.

धाकटा रविवारी यायचा. लहानपणापासून त्याचे केस मीच कापत आलेय. मोठा साहेब झाला तरी महिन्यातून एकदा माझ्या खुर्चीत बसायचा, मग वर येऊन आमच्याबरोबर जेवायचा. केसांचे पैसे मी त्याच्याकडून कधी घेतले नाहीत. भाऊ तो, त्याच्याकडून काय घ्यायचे?

बाबांचं हृदय मोठं झालं होतं. डॉक्टरांनी असं सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, हे नवीनच ऐकतेय. पण चेष्टेचा विषय नव्हता. हृदयाची ताकद कमी झाली की अंगात पाणी साचतं, वजन वाढतं, पाय सुजतात, धाप लागते. त्यावर पाणी उतरवायची गोळी असते. ती कमी पडली तर माणूस आतल्या आत बुडतो आणि जास्त झाली तर सुकतो. म्हणून सारखं कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं.

ते लक्ष ठेवायची दवाखान्यातली एक सिस्टर. साथीच्या वर्षांत दवाखान्यात जायची सोय नव्हती, तेव्हा मंडळानं फोनवरच्या सल्ल्याचेही पैसे द्यायला सुरुवात केली होती. साथ ओसरली तरी ते चालू राहिलं. दर सोमवारी सकाळी बाबा काट्यावर उभे राहायचे आणि मग सिस्टरला फोन लावायचे. वजनाचं एक वाक्य, आणि बाकी नुसत्या गप्पा. भाडेवाढ काय, नव्या बसचे दरवाजे काय, हल्लीच्या कंडक्टरांना शिस्त नाही म्हणून काय. मला वाटायचं, ही बाई तरी किती रिकामटेकडी असेल. एकदा मीच फोन हातात घेऊन तिला म्हटलं, अहो, त्यांना आवरा, तुमचा वेळ खातायत. तर म्हणाली, बोलू द्या त्यांना, वाक्याच्या मध्ये श्वासासाठी थांबतात का तेच तर मी ऐकत असते. थांबले की ती सांगायची, दोन दिवस दीड गोळी घ्या, मीठ आवरा आणि गुरुवारी मला वजन कळवा. गोळ्या घरातच असायच्या. गुरुवारपर्यंत वजन उतरायचं. विषय संपला. त्या फोनमधून कधीही काही निघालं नाही. ना नवं औषध, ना तपासणी, ना दवाखान्याची पायरी.

एका रविवारी जेवताना धाकट्यानं बाबांना विचारलं, तुम्ही दर आठवड्याला तो फोन करता, त्यात नक्की काय होतं? बाबांना लेकासमोर आजारी दिसायचं नव्हतं. कुठल्या बापाला आवडतं? ते म्हणाले, "काही नाही रे, गप्पा मारतो. ती विचारते पाय सुजलेत का, मी म्हणतो नाही. सरकारच्या पैशानं दोन घटका करमणूक." धाकटा खो-खो हसला. बाबा हसले. मीही हसले.

हे हसणं किती महागात पडणार होतं, ते तेव्हा कुणाला ठाऊक.

आता धाकट्याची बाजू सांगते, नाहीतर म्हणाल बहीण असून भावाच्या उरावर बसलीय. फोनच्या नावाखाली काही कंपन्यांनी नुसता बाजार मांडला होता. माणसं बसवून हजारो म्हाताऱ्यांना फोन लावायचे, "कसे आहात आजी" म्हणायचे आणि मंडळाकडून डॉक्टरच्या सल्ल्याचे पैसे उकळायचे. फोनवरचा खर्च वर्षागणिक फुगत होता आणि दवाखान्यातली गर्दी काही कमी होत नव्हती. धाकट्याला वरून सांगितलं, बघ यातून काय निष्पन्न होतंय. त्यानं पाहिलं. फोन झाल्यावर पुढच्या काही दिवसांत त्या माणसाचं काय झालं, ते पाहिलं. चिठ्ठी लिहून दिली का, तपासणी झाली का, दवाखान्यात दाखल केलं का. निम्म्याहून जास्त फोननंतर काहीच घडलं नव्हतं. ते सगळे फोन त्यानं एका रकान्यात टाकले आणि वर शब्द लिहिला, निष्फळ.

काही घडलं नाही म्हणजे फोन वाया गेला. काही घडू नये म्हणूनच तो फोन होता, हे त्याच्या रकान्यात कुठे बसणार? आणि एवढी पुस्तकं वाचलेल्या माणसाला हे सुचू नये, याचा मला अजून राग येतो. चोर होते त्या कंपन्या, त्यांच्या मुसक्या बांधायच्या. पण रोग रेड्याला आणि औषध पखालीला. नियम असा आला की साध्या फोनवरच्या सल्ल्याचा खर्च यापुढे मंडळ देणार नाही. एकतर व्हिडिओवर डॉक्टरला तोंड दाखवा, नाहीतर दवाखान्यात या.

ज्या बैठकीत हे ठरलं तिथे म्हणे एका वयस्कर सभासदाला ते आकडे काही पचेनात. म्हणाला, साधं उदाहरण द्या. तर आमच्या हुशार भावानं सांगितलं, माझ्याच वडिलांचं घ्या. दर सोमवारी फोन करतात, स्वतःच सांगतात की नुसती करमणूक आहे. सगळे हसले म्हणे, आणि नंतर कुणी फारसं काही विचारलं नाही.

हे मला कुणी बाहेरच्यानं सांगितलं नाही. धाकट्यानंच त्या संध्याकाळी येऊन कौतुकानं सांगितलं. बाबांनी ते त्याच्याकडून पुन्हा एकदा सांगून घेतलं. दुसऱ्या दिवशी पार्लरच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत राहिले, अख्ख्या देशाचा नियम ठरला तो माझ्या उदाहरणावरून. मी धाकट्याला विचारलं होतं, अरे मग आता सोमवारी काय करायचं? तर म्हणाला, व्हिडिओ आहे ना ताई, उलट जास्त चांगलं, डॉक्टर स्वतः बघतील. त्यानं बाबांसाठी मोठ्या पडद्याचा फोन आणला, तो उभा ठेवायला स्टँड आणला, स्वतः बसून सगळं शिकवलं. वाईट मनाचा नाही हो तो. वाईट मनाचा असता तर मला सोपं गेलं असतं.

आता त्या व्हिडिओची कथा ऐका. वेळ आधी ठरवून घ्यावी लागायची, आणि ती मिळायची कधी तर पुढच्या महिन्यात. तो दिवस उजाडला की बाबा सकाळपासून तयारीला लागायचे. दाढी, भांग, नोकरीतला कोट. आजारी माणूस कुठे कोट घालून डॉक्टरला दाखवतो का? पण त्यांचं म्हणणं, साहेबाला तोंड दाखवायचं म्हणजे नीट दाखवावं. पडद्यासमोर छाती काढून ताठ बसायचे. पडद्यावर मिश्यांपासून खिशापर्यंत दिसायचं, पाय कुठे दिसणार? डॉक्टर तरुण, भला माणूस, पण मागे रांग लागलेली. विचारायचा, काही त्रास? बाबा म्हणायचे, काही नाही. एका शब्दाला श्वास पुरतोच की. डॉक्टर म्हणायचा, छान दिसताय, त्याच गोळ्या चालू ठेवा. मी बाजूला उभी राहून वजन वाढलंय असं सांगायला गेले, तर बाबांनी पडद्याखालून माझा हात दाबला. पडदा बंद झाला की कोट काढतानाच त्यांना धाप लागायची.

एकदा सिस्टरचा पार्लरच्या नंबरावर फोन आला. म्हणाली, चेकरसाहेबांना सांगा, सोमवारी फोन करत जा. दवाखाना आता मला त्यासाठी वेळ देत नाही, पण मी जेवणाच्या सुट्टीत घेईन, नोंद करणार नाही, कुणाला कळणार नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. जिना धावत चढले. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नोंद नाही म्हणजे तिकीट नाही. हो ना?"

मी म्हटलं, "बाबा, ती स्वतःच्या मर्जीनं करतेय. तुमचं काय जातंय?"

"त्या बाईची जेवणाची सुट्टी जातेय. आणि माझ्याच पोरानं केलेला नियम मीच मागच्या दारानं मोडू? लोक म्हणतील, पोरगा दवाखान्यांचा चेकर आणि बाप विनातिकीट."

मी खूप बोलले. इतकं बोलले की खालचं गिऱ्हाईक वैतागून निघून गेलं. दवाखान्यात चला म्हटलं, तर दोन बस बदलायच्या आणि वर ते जिने. त्यांना घरचा जिना उतरवत नव्हता, पण तसं कबूल करायला जीभ वळेना. उगाच कशाला त्या पोराच्या खात्याचा खर्च वाढवायचा, म्हणे मी ठणठणीत आहे. ठणठणीत! मी वजन विचारलं की तेवढंच आहे म्हणायचे. काटा म्हणे बिघडलाय म्हणून पलंगाखाली सरकवून ठेवलेला. चादर तर पायांवरून हलेनाच. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजत असेल.

मग एका दुपारी, पार्लरमध्ये गिऱ्हाइकं असताना, बाबा कठड्याला धरत धरत खाली आले आणि रिकाम्या खुर्चीत बसले, आरशासमोर. मी विचारलं, काय हो, केस कापायचेत का? त्यांनी मान हलवली. बोलायला तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. आरशात ओठ निळे दिसले. मदतनीस बाईनं, जिच्याशी मी धड बोलत नव्हते तिनंच, गाडी बोलावली.

त्यांचे कपडे घ्यायला मी वर धावले. मोज्यांचा खण ओढला. प्रत्येक मोज्याच्या वरची घट्ट पट्टी उभी कापलेली होती. एकूण एक मोजे, सरळ रेषेत, नीटनेटके कापलेले, जसं ते सगळं काम करायचे. सुजलेल्या पायांवर पट्टी रुतत होती, म्हणून मी बाजारात गेले असताना कसाबसा जिना उतरून माझी कात्री वर आणून कापत बसले असणार, आणि पुसून पुन्हा जागेवर ठेवली असणार. आणि मी त्यांनाच विचारायला गेले होते की कात्री कुणी बोथट केली. मी तिथेच पलंगावर बसले आणि मला मोठ्यानं रडू आलं. खाली गाडीचा भोंगा वाजत होता.

दवाखान्यात मात्र त्यांची सरबराई अशी झाली की विचारू नका. काचेची खोली, नळ्या, यंत्रं, सुया, दर तासाला रक्त, तीन-तीन डॉक्टर. मूत्रपिंडं थकली तर त्याचं वेगळं यंत्र आलं. सगळं मंडळाच्या खर्चानं. कुणी एक प्रश्न विचारला नाही, एक कागद मागितला नाही. साध्या फोनला यांची चाळण लागली होती आणि इथे सगळी दारं सताड उघडी.

धाकटा बाहेरच्या बाकावर डोकं धरून बसला होता. मी त्याच्यासमोर ते मोजे धरले, पर्समध्ये घालून आणले होते. त्याला आधी कळेचना. मग कळलं. मी विचारलं, "ती सिस्टर ऐकत असती तर इथवर आलं असतं का?"

त्यानं कापलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "ताई, मलाही त्रास होतोय. पण एका माणसावरून धोरण ठरत नसतं."

"ठरलं होतं ना," मी म्हटलं. "एकाच माणसावरून ठरलं होतं. तू तिथे उभा राहून सांगितलंस आणि सगळे हसले."

 मोजे त्यानं माझ्या हातातून घेतले आणि घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवले. का ठेवले, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी बाबांना थोडी हुशारी आली. आम्ही दोघं आत गेलो. त्यांनी डोळे उघडून खोली पाहिली. डोक्यावरचे आकड्यांचे पडदे, टिकटिकणारं यंत्र, नळीतून थेंबथेंब उतरणारं औषध, सगळ्यावरून नजर फिरवली, जशी बसमध्ये सीटवरून फिरवायचे. मला वाटलं, काहीतरी मागतील. पाणी मागतील. त्यांनी धाकट्याला जवळ बोलावलं.

"साहेब," ते म्हणाले. लाडात आले की त्याला साहेब म्हणायचे. "माझ्यामुळे... तुमच्या मंडळाला... फार भुर्दंड पडला रे."

एवढं म्हणायला ते दोनदा थांबले. मला ती सिस्टर आठवली. माझा बाप मरता मरता आपल्या पोराची माफी मागत होता, आणि पोरगा "नाही बाबा, नाही" म्हणत त्यांचा हात धरून उभा होता. मला त्या दोघांचाही इतका राग आला की मी बाहेर निघून गेले. आठवडा उलटायच्या आत बाबा गेले.

त्यानंतर धाकटा बरेच महिने आला नाही. केस दुसरीकडे कापत असेल. कात्रीला मी धार लावून आणली आणि पुन्हा वापरायला घेतली, जपून ठेवून काय करायचंय? मदतनीस बाईला पोटाशी धरून माफी मागितली. सिस्टर एकदा येऊन गेली, तीही रडली. तिला आता दुसऱ्या विभागात टाकलंय म्हणाली. सोमवारचे फोन बंद झाले होते, त्यामुळे तिथे तिची गरज उरली नव्हती.

मग एका रविवारी धाकटा आला. न बोलता खुर्चीत बसला. आपलेच दात, आपलेच ओठ. मीही न बोलता त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि केसांवर पाणी मारलं. खुर्चीत बसलेला माणूस पळून जाऊ शकत नाही आणि आरशात बघावंच लागतं, म्हणून लोक माझ्याकडे पोटातलं ओठांवर आणतात. त्याच्या कानामागे पांढरे केस दिसायला लागले होते. निम्मं डोकं कापून झाल्यावर तो म्हणाला, नियमाला वर्ष झालं, त्याचा आढावा झाला. फोनवरचा खर्च जवळजवळ संपला. आणि दवाखान्यात दाखल होण्यावरचा खर्च काही वाढलेला दिसला नाही. नियम यशस्वी झाला म्हणून वरच्यांनी त्याची पाठ थोपटली. हे सांगताना त्याच्या तोंडावर आनंद नव्हता, एवढं मी कबूल करते.

मी कात्री थांबवली. "दवाखान्याचा खर्च वाढला नाही कसा? आणि बाबा?"

"बाबा त्यात नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

त्यानं समजावून सांगितलं. तुलना करायची तर वर्षाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत जे विम्यात होते तेवढेच धरतात. मध्येच जे गळाले, कुणी दुसऱ्या विम्यात गेलं, कुणी गाव सोडलं, कुणी वारलं, त्यांना वगळतात. अर्ध्या वर्षाची पुऱ्या वर्षाशी तुलना होत नाही. सगळीकडे हीच रीत आहे, त्यानं काही नवीन केलेलं नाही.

मला आकड्यांतलं कळत नाही. पण एवढं कळलं. मी म्हटलं, "म्हणजे जे जगले त्यांनाच विचारलंत, की बाबांनो, कुणी मेलं का."

तो आरशात माझ्याकडे बघत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "मी एकदा सगळ्यांना धरून पाहिलं होतं. बाबांनाही."

"मग?"

"बचत उरत नाही, ताई. उलट खर्च वाढतो."

"मग?"

"साहेबांनी विचारलं, ही कुठली पद्धत काढलीस, आधी तर अशी नव्हती." कापडाखाली त्याचे हात हलले. "मी काढून टाकलं."

बाहेर रस्त्यावरून बस गेली, आरसा थरथरला. मला वाटलं होतं, ओरडेन. कात्री फेकून देईन. हातात होतीच ती. पण ओरडायला समोर कुणी परका लागतो. मी उरलेलं निम्मं डोकं कापलं. नीट कापलं, दोन्ही बाजू सारख्या केल्या, मानेवरची रेघ सरळ काढली, कारण माझं काम मी वाकडं करत नाही. मग कापड सोडलं.

तो उठला, खिशाकडे हात नेण्याचं त्याला कारणच नव्हतं. दाराकडे वळला. मी भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बोट दाखवलं.

तो हसला. त्याला वाटलं, जुनी बहीण परत आली, थट्टा करतेय. "माझ्याकडून घेणार?"

"चेकरच्या घरात विनातिकीट कोणी बसत नाही," मी म्हटलं.

त्याचं हसू तिथेच राहिलं. त्यानं दरपत्रक वाचलं, पाकीट काढलं. त्याच्याकडे सुटे नव्हते, मोठी नोट दिली. मी गल्ला उघडून उरलेले त्याच्या हातावर मोजून ठेवले. तो "ताई" म्हणाला, मी पुढच्या बाईला खुर्चीत बसायला सांगितलं. त्याच्या मानेवर कापलेले केस तसेच राहिले होते. एरवी मी ते ब्रशनं झटकून देते. तो तसाच गेला.